हा काय पितो?

रबाळ्यात, एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत,
गॅस्केटवाल्याच्या शेजारी आमचा गाळा.
हरेश्वरदादा मढवींचा जीव तीस-पंचावन्नवर:
लोखंडी टोपीचा, दोन पायांचा ट्रान्झिस्टर,
तळहातावर जुन्या रुपयासारखा जड.

"हा माणूस आहे," म्हणायचे. "याला चहा लागतो."
बेसमधून थोडा करंट जात राहिला पाहिजे,
तरच कलेक्टरातून वीसपट सोडणार,
मूड असला तर पन्नास.
चहा बंद, काम बंद. तेही लगेच नाही,
आत जमलेली गर्दी पांगेपर्यंत रेंगाळून.
आणि तापला की जास्त ओढतो,
जास्त ओढला की आणखी तापतो,
शेवटी स्वतःलाच जाळून घेतो.
"आमच्या दिवा गावातही होते असे दोघं-तिघं."

मी झेड-चव्वेचाळीस आणले, प्लास्टिकच्या नळीत पन्नास.
दादांनी नळी कानाशी हलवली. खुळखुळा.
"हा काय पितो गो?"
काही नाही, दादा. गेटला फक्त व्होल्टेज दाखवायचं.
मध्ये काचेसारखा पापुद्रा आहे,
थेंबही आत जात नाही.
"फुकट राबणारा मी अजून पाहिला नाही."

मग मी त्यांना त्यांचीच खाडी सांगितली.
पुनवेचं उधाण, दादा.
चंद्र कधी चिखलात पाय घालतो का?
तो नुसता वर असतो,
आणि इथे कोरड्या चरात पाणी चढतं.
भांगाच्या दिवसांत होडी गाळातच बसलेली,
एका ठरावीक उंचीवर पाणी आलं
की तिचा तळ सुटतो,
या टोकापासून त्या टोकापर्यंत वाट.
ती वाट म्हणजे चॅनल. चंद्र म्हणजे गेट.

दादा बराच वेळ सोल्डरची तार गुंडाळत राहिले.
"पण दर भरतीला चर भरावा लागतोच ना?
ते पाणी कोण आणतं?"
पकडलं त्यांनी.
सेकंदाला लाखभर भरत्या-ओहोट्या मागितल्या
तर गेटही खायला मागतो,
घासाघासाने नाही, भसकन.
हे मला शिकायला सहा महिने गेले होते.

जानेवारीत हवा कोरडी झाली.
माझी नायलॉनची ओढणी, आणि तीन झेड-चव्वेचाळीस
बोर्डावर चढायच्या आधीच मेले.
तीस-पंचावन्न गेला तर गल्लीभर वास सुटतो.
हे गेले तेव्हा दिसायला होते तसेच,
छपाईसुद्धा स्वच्छ.
दादा काही बोलले नाहीत.
दुसऱ्या दिवशी भंगारातली वायर सोलून
एक टोक माझ्या मनगटाला, दुसरं अर्थिंगच्या पट्टीला,
मध्ये एक मेगओहमचा रेझिस्टर,
मला झटका बसू नये म्हणून.

एकदा मी काट्याचा मीटर लावला.
एक काडी सोर्सवर, दुसरी गेटला टेकवून उचलली,
मग ड्रेनवर.
काटा उजवीकडे गेला आणि तिथेच थांबला.
"गेटला कोण धरून आहे?"
कुणी नाही.
"मग?"
मघाशी हात लागला होता, तेवढंच.
दादा कटिंग आणायला गेले, पिऊन आले.
काटा तिथेच.
त्यांनी अंगठा जिभेला लावला,
गेट आणि सोर्सच्या पायांवर ठेवला.
काटा पडला.
मग स्वतः काडी टेकवली. पुन्हा अंगठा. पुन्हा काडी.
गॅस्केटवाल्याचा पोरगा सुट्टे मागायला आला,
त्याला हाताने थांबवलं.

घणसोलीच्या हळदीचा अँप मात्र
संध्याकाळी पाचला न्यायला येणार होते.
त्यात त्यांनी तीस-पंचावन्नच घातले. चार.
प्रत्येकाच्या एमिटरला एक छोटा रेझिस्टर,
एकट्यानेच सगळा भार ओढून मरू नये म्हणून.
पाचवा हातात घेऊन
ते टोपीवरची धूळ पुसत बसले.