स्टॉल क्रमांक त्रेचाळीस

राणीच्या बागेत फेब्रुवारीचं प्रदर्शन.
पिटुनियाचा मोर, शेवंतीचं विमान,
आणि मुतारीच्या वाटेवर
आमचे आठ ट्रे:
माका, भुईरिंगणी, काटेकोरांटी, गोरखमुंडी.
आरेच्या पाड्यावरून आणले, बारकी वरठा आणि मी.
टेम्पोवाला म्हणाला, गवत असलं तरी भाडं तेवढंच.

परीक्षक आले. चष्मा कपाळावर.
"फुलं यायचीत का अजून?"
बारकीनं बोट दाखवलं: नखाएवढं जांभळं.
ते वाकले. मग आणखी वाकले.
गुडघा कट्कन वाजला.
वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं,
गुलाबांकडे गेले.

दुपारी झारी घेऊन पालिकेचा माळी, धाकू.
"एकतीस वर्षं हेच उपटतोय इथं,"
म्हणाला, आणि बोलता बोलता
एक गोरखमुंडी मुळासकट त्याच्या हातात.
ओशाळला. हाताला कळलंच नाही, म्हणाला.
परत लावली. अंगठ्यानं माती दाबली,
पाणी जरा जास्तच घातलं.
मग पाटी वाचत उभा.
"हिला नावपण आहे?"
"दोन आहेत," बारकी म्हणाली.
पाटीवरचं एक.
दुसरं तिनं त्याच्या कानाशी सांगितलं,
आणि दोघं हसली.

पाट्या मी लिहिल्या होत्या.
मला अजून सांगितलेलं नाही.