निरंक

भोसरी, जे ब्लॉक. शटर अर्धं वर.
फॉर्म छातीशी धरून मी वाकून आत जाते.
दिगंबर तापकीर खुर्ची पुसून देतात,
खुर्चीवर धूळ नाहीये तरी.

उत्पादन, नग?
ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतात, गेल्या वर्षीच्या.
"लिहा ना मॅडम, तुमचा तो शब्द आहे ना."
मी लिहिते: निरंक.
वीजवापर: एक ट्यूब, एक पंखा.
कामगार: एक.
शिकाऊ उमेदवार: निरंक.

तो एक म्हणजे मुलाणी.
चार लेथ ग्रीस लावून गोणपाटाखाली झाकलेत.
रोज सकाळी तो गोणपाट उचलतो,
प्रत्येकाचा चक हातानं एक फेरा फिरवतो,
जाम होऊ नये म्हणून.
याचा पगार कुठल्या रकान्यात?
"नका लिहू," तापकीर म्हणतात. "निम्माच देतो."

सही करता करता विचारतात,
"दिल्लीत बेरीज करतात तेव्हा
पॉइंटनंतर किती आकडे धरतात?"
"एक."
"मग आम्ही त्यात मावत नाही."

तिसऱ्या वर्षी पेपरात वाढ परत आली,
पहिल्या पानावर, हिरवा बाण काढून.
चाकणहून ऑर्डर आली: महिन्याला आठ हजार बुश.
शटर पूर्ण वर.
पण मुलाणीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला,
मायक्रोमीटर तो आता दुसऱ्याकडून वाचून घेतो,
आणि दुसरा कुणी नाही.

औंधच्या आयटीआयची ती चार पोरं,
घ्यायची ठरली होती आणि घेतली नाहीत,
त्यांतला पाचर्णे मला परवा सोसायटीच्या गेटवर भेटला.
पाठीवर चौकोनी पिशवी, आत कुणाचं तरी गरम जेवण.
थ्रेड कटिंग? हातातून गेलं हो, म्हणाला,
आणि ओटीपी मागायला वर गेला.

"हात बसायला सहा वर्षं लागतात," मुलाणी म्हणतो.
"तीन अशी गेली. धरा नऊ."
तोवर कोण थांबतंय.
निम्मी ऑर्डर परत गेली,
ते बुश आता बोटीनं येतात म्हणे,
खोक्यावर कुठल्याशा बंदराचं नाव.

मी रकाने भरते. उत्पादन: आहे. वीज: आहे.
शिकाऊ उमेदवारपाशी पेन अडतं.
"बोर्ड लावलाय की, बाहेर पाहिला नाहीत?"
पाहिला.
उन्हानं 'पाहिजेत'मधला 'पा' उडालाय.

तीन लेथ चालू. त्या आवाजात मला
पुढचा प्रश्न ओरडून विचारावा लागतो.
चौथा अजून गोणपाटाखाली.
जेवणाच्या सुट्टीत डबा उघडण्याआधी
मुलाणी चाचपडत तिथवर जातो
आणि त्याला एक फेरा देतो.