आटे

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी कूलर खाली आणला गच्चीवरून.
तू टाकी धरलीस, मी जाळ्या.
गेल्या वर्षीचा वाळा कुजून काळा पडलेला,
त्यात कुण्या चिमणीचं अर्धं सोडलेलं घरटं.
"बाबा, नवा घेऊ न," तू म्हणालीस.
"काहून? मोटर चांगली आहे."

अजनीच्या शेडमध्ये अडतीस वर्षं
नव्या पोरांना मी एकच गोष्ट शिकवली:
अंगात जोर आहे म्हणून नट आवळायचा नसतो.
शेवटच्या पाव फेरीत आटे जातात,
मग तो सुटतही नाही, धरतही नाही.
शेडमधल्या एकाही बोल्टवर
ही चूक मी केली नाही, शुलमीत.
घरी केली.

दर रविवारी इस्त्रीचा फ्रॉक,
संडे स्कूलची वचनं तोंडपाठ,
एक शब्द चुकला की पोहे थंड होईपर्यंत उभं राहायचं.
पंधराव्या वर्षी तू विचारलंस,
आई बरी व्हावी म्हणून सगळ्या मंडळीनं उपास केला,
मग ऐकलं कुणी?
मी पाना उचलला.
असं विचारू नये, म्हणालो.
तेव्हाच आत कुठंतरी कर्र झालं असेल.
इंजिनांचे आवाज ओळखणाऱ्या माझ्या कानांना
ते ऐकू आलं नाही.

आता तू चौतीसची. मिहानला नोकरी, तिकडेच फ्लॅट.
नाताळला मला चर्चपर्यंत सोडतेस
आणि गाडीतच बसून राहतेस.
पाळकसाहेब विचारतात, "पोरगी?"
मी म्हणतो, "पार्किंगमध्ये."
ते हसतात, मीही हसतो.
खोटं तर नाही.

जाळीला बांधायची तार शोधता शोधता
तुझ्या आईची दुधाच्या हिशोबाची वही निघाली.
अर्धा लिटर. अर्धा लिटर. खाडा. अर्धा लिटर.
आणि समासात, पेन्सिलीनं, बारीक:

भाजीवालीनं सांबार फुकट दिला. उपकार.
हंगामाच्या सणात ह्यांनी बोली लावून तीनशेला दुधी घेतला.
उपकार, पण जरा जास्तच.
आज केमोनंतर उलटी नाही. उपकार.
शुलमीत देवावर रागावली आहे.
म्हणजे त्याच्याशी बोलते आहे. उपकार.

मी तुला वाचून दाखवलं नाही काही.
वही टाकीच्या कडेवर तशीच उघडी ठेवली
आणि पंप धुवायला नळावर गेलो.
तळहाताएवढा पंप,
वीस मिनिटं धुतला.

परत आलो तर तू पानं उन्हाकडे धरून बघत होतीस.
"खाडा म्हणजे?"
"त्या दिवशी दूध आलं नाही."
"त्या दिवशीही लिहिलंय काहीतरी. लागत नाही."
मी चष्मा पुसला, पाहिलं.
मलाही लागलं नाही.
पूर्वी असतो तर अर्थ सांगितला असता,
वर एक वचन, अध्यायासकट.

दुपारी पाटवडीचा रस्सा, तुझ्या हातचा, तिखटजाळ.
मी डोळे मिटले, अन्नासाठी आभार मानले,
मनात म्हटलं, दुधीसाठीही,
आणि काय वाटलं कुणास ठाऊक,
मध्येच एक डोळा उघडला.
तू बघतच होतीस.
लहानपणी ह्याच चोरीसाठी मी तुला टपली मारायचो.
"आमेन म्हणा आता, बाबा," तू म्हणालीस,
"थंड होतंय."

संध्याकाळी कूलर खिडकीला लावला.
स्टँडचा नट मी हातानंच बसवला,
पाव फेरी सोडून.
रात्रभर वाळ्याचा वास, आणि बारीक खडखड.
पलीकडच्या खोलीतून तुझा आवाज आला:
"ढिला आहे वाटतं. उद्या आवळू का?"

राहू दे, म्हटलं.
धरतो आहे.