बोटभर जागा

कोंडाईबारीच्या चढाला तिसरा गिअर पडेना.
दांडा तळहाताला चटके देऊ लागला,
पायाखालची मॅट मऊ पडली,
आणि केबिनभर तो वास,
करपल्या तेलाचा.
मागे अडीच टन केळी, हिरवीच,
पण खालच्या थराला पिकायची घाई.

सावद्याला परतलो तेव्हा पारा सेहेचाळीस.
लुकमान मिस्त्री ओलं गोणपाट अंथरून
गाडीखाली सरकला.
बाहेर फक्त पाय,
एका चपलेला तार बांधलेली.
बराच वेळ काही नाही.
मग खालूनच,
"पाइप कोणी वाकवला, भो?
गिअरबॉक्सच्या गालाला गाल लावून बसलाय."

धुळ्याला एकाने वेल्डिंग केलं होतं, घाईत.
मी गप्प.

ऑइल काढलं तर डांबर.
सील नखाने मोडलं,
गेल्या सालच्या बिबडीसारखं.

पाइपाला त्याने पट्टी गुंडाळली,
भिजवून, ओढून ओढून,
जखमेला बांधतात तशी नाही,
भोवऱ्याला दोरी गुंडाळतात तशी.

मग पत्रा हवा होता.
गॅरेजात पत्र्यांना काय तोटा?
कूलरचे, डब्यांचे, तुटक्या दारांचे.
तरी तो पाठीमागे गेला
आणि जुना बोर्ड घेऊन आला:
लुकमान अँड ब्रदर,
निळ्यावर पिवळी अक्षरं.
कात्रीने 'लुकमान' कापून बाजूला ठेवलं.
'अँड ब्रदर'ला चार भोकं पाडली.

मी म्हटलं, घट्ट बसव, रस्ता खराब आहे.
"घट्ट नाही.
चिटकला की पत्राच तापतो,
मग तोच भाजतो.
अठी बोटभर जागा सोडाची.
मधून वारा गेला पाह्यजे."
बोल्टात वायसर घातले, एकावर एक तीन,
आणि करंगळी मधून फिरवून पाहिली.

अक्षरं त्याने गिअरबॉक्सकडे केली.
पाइपाकडे कोरी बाजू.

याकूब सुरतेला गेला त्याला सात वर्षं झाली.
का गेला, हे सावद्यात
शेंबड्या पोरालाही माहीत आहे.
मी पैसे दिले. त्याने मोजले नाहीत.

पुढच्या खेपेला त्याच चढावर
तिसरा पहिल्या हाकेला आला.

परतल्यावर गाडी थांबायच्या आत
लुकमान खाली वाकला.
पत्र्याला हाताची पाठ लावली,
लावूनच ठेवली.
"हात ठरतो," म्हणाला.
मग उठता उठता, गुडघे झटकत,
"सुरतेलेही अशीच गरमी आहे का व्हो?"