थांबा कुठं हाय इचा?

काट्याच्या खोलीतला कॉम्प्युटर किलोत बोलतो,
प्रतवारीचा क्विंटलात,
गोदामाचा गाठींत,
आणि हिशेबाचा जुना, निळ्या पडद्याचा,
रुपयांखेरीज काही ऐकतच नाही.
मुकुटबनच्या जिनिंगच्या एकाच आवारात, एकाच डीपीवर
चौघं वर्षानुवर्षं जगले
एकमेकांशी एक शब्द न बोलता.

मधे लहानू पेंदोर.
छातीच्या खिशात चिठ्ठ्या, डोक्यावर रुईचे तंतू,
ड्रायव्हरशी तेलुगू, हमालांशी गोंडी,
शेठशी हिंदी, माझ्याशी वऱ्हाडी.
काट्यावरून मी ओरडायचो, ‘माल वल्ला हाय रे!’
ते गोदामात पोचेपर्यंत
‘गंजी वेगळी लावा, ताडपत्री खाली’ झालेलं असायचं.
मी तसं म्हटलेलं नसायचं.
पण मला तेच म्हणायचं असायचं.

दिवाळीनंतर नागपूरहून मृणालिनी भोयर आली.
म्हणाली, सर्व्हिस बस बसवते.
लहानू बाहेर जाऊन बघून आला.
‘थांबा कुठं हाय इचा?’

ती हसली नाही.
काटापट्टीच्या पाठीवर तिनं एक जाड रेघ ओढली,
रेघेला लागून चार घरं, प्रत्येकाला एक दार.
चौघांना एकमेकांशी जोडायचं तर सहा तारा,
पाचवा आला तर दहा,
आणि एक जण बदलला की सगळ्यांचं उसवायचं.
इथं ज्यानं त्यानं आपल्या दारात निरोप ठेवायचा.
कुणाला, कोणत्या भाषेत, हे रेघेनं पाहायचं.

‘अन् घेणारा झोपला असन तं?’
‘निरोप रांगेत थांबतो.’
‘बाकावर,’ लहानू म्हणाला. ‘मी बी थांबतो.
हिशेबवाले जेवून येतवरी.’
‘तो आलाच नाही तर पुन्हा जातो. पाच वेळा.
मग एका वेगळ्या खोक्यात.
माणसानं बघावं म्हणून.’

तीन दुपारी ती त्याच्या शेजारी बाकावर बसली.
चिमनाके, चिमनाखे, चिमणाके: खातं एकच.
ओलावा बारावर गेला की आधी प्रतवारी, मग पैसे.
झरीकडच्या गाड्यांचा नंबर आधी तेलंगणाचा असतो, घाबरू नये.
तो सांगत गेला, ती टाइप करत गेली.
मला वाटलं, माणूस रिकामा होतोय.

पहिल्याच रात्री एका छोट्या टेम्पोतून
शंकर चिमनाखेचा अठराशे क्विंटल कापूस उतरला.
गावानं त्याला दोन दिवस जमीनदार म्हटलं.
किलोला कुणी शंभरानं भागलं नव्हतं.
मृणालिनीनं एका जागी एक ओळ बदलली,
काट्याला हात नाही, गोदामाला कळलंही नाही.

आता गाडी फाटकाबाहेर पडायच्या आत
पट्टी बँकेत गेलेली असते.
मंगळवारी चार तास हिशेबाची खोली अंधारात होती,
माझा काटा इन्व्हर्टरवर चालू.
लाइन आली आणि एकशे सात निरोप
आल्या क्रमानं आत गेले, ढकलाढकली न करता.
आमच्या फाटकावर असं कधी झालेलं नाही.

जायच्या दिवशी लहानूनं डब्यातून एक चिठ्ठी काढली,
घडीवर पिवळी पडलेली.
‘नऊ वर्सं झाले. पाच नाई, तेरा खेपा केल्या.
हिशेबवाले बदलून गेले, नवे म्हने आमची नाई.
तुमच्या खोक्यात टाकता येते का?’

तिनं मोठ्यानं वाचलं:
मंकू टेकाम, वजन चाळीस किलो कमी धरलं गेलं.
चूक काट्याची.
फरक द्यावा.

‘कुणाला पाठवू?’ तिनं विचारलं.
लहानू माझ्याकडे बघत नव्हता.
नऊ वर्षांत एकदाही
त्यानं माझ्याकडे त्या नजरेनं बघितलं नव्हतं.

अक्षर माझं होतं.
लिहिलं, त्याच्या हातात दिलं,
आणि पोचली असेल म्हणून झोपलो.

खोकं रोज सकाळी आता लहानूच उघडतो.
आज दोन निरोप आहेत.
मी स्टूल ओढून शेजारी बसतो.