गेल्याची तारीख

बार्शी रस्त्याला अजून ऊन लागलेलं नाही.
स्कूटीवर माझ्यामागे गाजुलकाका,
गळ्यात दुर्बीण, खिशात कडक भाकरीचे तुकडे.
चौतीस वर्षं चादरीच्या मागावर गेली
आणि जाताना कान घेऊन गेली.
चंडोल दिसला की ते त्याच्या गळ्याकडे बघतात,
पिसं थरथरली की मला विचारतात, "गातोय का?"
मी मान हलवते.
बाभळीवर भोरड्यांचा गलका, मंगळवार बाजार भरल्यासारखा,
तोही एकट्या माझ्या वाट्याला.

नान्नजच्या माळावर गवत वाळून चहाच्या रंगाचं झालंय.
बिरप्पाची मेंढरं पुढे गेलीत, धूळ मागे राहिलीय.
"परवा वीस हुते," तो म्हणतो,
"काल अकराच उतरले बघा मुक्कामाला."
आज तासभर वाट बघून एक.
राखाडी नर, पंखांची टोकं दौतीत बुडवून काढल्यासारखी.
गवताच्या शेंड्यांना पोट लागेल इतक्या खालून
इकडून तिकडे, तिकडून इकडे.
"धोटा," काका पुटपुटतात.
मग तो उंच जातो, आणखी उंच,
उत्तरेला एक ठिपका,
मग डोळ्यात आलेलं पाणी.

काकांच्या वहीत दोन रकाने: आला, गेला.
पहिला शाईने भरलेला, भोवत्या, सात ऑक्टोबर.
दुसरा पेन्सिलीचा, खोडून खोडून कागद झिजलेला.
"शेवटचा दिसतो ना,
तेव्हा तो शेवटचा आहे हे कुठं माहीत असतं?
उद्या यायचं, रिकामं गवत बघायचं,
मग आजच्या तारखेवर येऊन लिहायचं."
भाकरी मोडत, माझ्याकडे न बघता,
"आमची पाळी पण तशीच.
रात्री डबा धुऊन मागापाशी ठेवला, उद्या लागेल म्हणून.
सकाळी गेटला कुलूप."

परतताना बांधाच्या कडेला खोकड,
शेपटीचं टोक काळं, तोंडात उंदीर.
थांबली. आमच्याकडे बघितलं,
जसं आम्हीच कुठून तरी आलोय आणि जाणार आहोत.
खोकडीला रकाना नाही, ती बारमाही इथलीच.
तरी काकांनी स्कूटी थांबवायला लावली,
वही उलटी करून मागच्या पानावर लिहिलं:
खोकड, एक. सात वाजून दहा मिनिटं.

शाईने.