फुल तिकीट

डॉक्टर अत्तरदे केसपेपर पालथा घालून
कोऱ्या बाजूवर पोटं काढतात.
चार पोटं, बिनडोक्याची, बिनपायांची,
प्रत्येकात बेंबीचा एक ठिपका.
मी समोर, खाकी कोट मांडीवर गोळा करून.

पहिलं मिनी.
बेंबीखाली एवढीशी चीर, टाके कमी, खर्चही.
"पण तुमचं बेंबीच्या वरही लोंबतंय,
ते तसंच राहील."
म्हणजे हाफ तिकीट, मी मनात म्हणते,
बाईमाणसाला सवलतीत,
जळगावचं म्हणून फाडायचं
आणि अडावदलाच उतरायचं.

दुसरं फुल.
या हाडापासून त्या हाडापर्यंत.
जुळ्यांनी दोन्हीकडे सारलेले आतले स्नायू
ओढून जवळ आणायचे, शिवायचे.
बेंबी जागची हलत नाही, देठासकट तिथंच.
वरची कातडी खाली ताणायची
आणि तिच्यासाठी नवी खिडकी कापायची.

तिसऱ्याला आडवी चीर आहेच,
वर छातीखालून एक उभी.
कंबरसुद्धा आत येते म्हणतात,
पण उभा वण जन्मभर.
चौथं पाठीमागून गोल फिरून येणारं,
ते त्यांनीच खोडलं.

अडतीस किलो उतरवलेत मी.
डेपोतल्या शिबिरात साखर तीनशे दहा निघाली
त्या दिवसापासून शेवभाजी बंद,
पहिली गाडी लागायच्या आधी
चोपडा स्टँडला अकरा फेऱ्या.
वजन गेलं. पिशवी राहिली.
माय पुरणाचे मांडे करायची,
कोपरापर्यंत ताणलेला मांडा
पुन्हा उंडा होत नाही,
हे मला चौथीत असतानाच माहीत होतं.

धानोऱ्याच्या बाया गाडीत चढतात :
"माय वं, बेबीनंदा, तुनं पोट कथा गयं?"
कुठं जाणार? इथंच आहे,
घडी घालून नाड्यात खोचलंय.
मे महिन्यात घडीच्या आत घामोळं फुटतं,
मी पंचाची पट्टी ठेवते, पावडर भरते,
वरून पैशांची बॅग घासत राहते
विदगाव, ममुराबाद, जळगाव,
आणि परत.

नवरा म्हणतो मिनी कर, पतसंस्थेत तेवढंच बसतं.
नणंद म्हणते, उभी चीर नको वं, साडीतून दिसेल.
कोणाला दिसेल ते ती सांगत नाही.

मी डॉक्टरांना विचारलं,
कापलेलं कुठं जातं?
ते थांबले. पेनाला टोपण लावलं.
"पिवळ्या पिशवीत. मग जाळतात."

त्या पट्ट्यातच सिझरचा वण आहे.
त्यातून दोघं निघाली, हर्षल घरी आला.
दुसरीचं नाव ठेवायचं राहिलं.
तिचा फोटो नाही, दाखला नाही,
अंघोळीला बसले की हाताला लागतो
तेवढा तो शिवणीचा जाड दोरा.

दोन महिने मी काहीच ठरवलं नाही.
मग एका दुपारी ममुराबादच्या पुढे
बॅगेखाली पुन्हा रक्त आलं,
तेव्हा ठरलं. इतकंच.
ती वणात नाही, असं स्वतःला समजावलं नाही.
असेलही.

फुल. वरची उभी नको.
थोडं लोंबू दे छातीखाली,
तेवढं मी सांभाळीन.

रजेच्या अर्जावर साहेबांनी चष्मा टेकवला.
"दीड महिना? कसलं ऑपरेशन?"
पोटाचं.
"अपेंडिक्स?"
नाही साहेब. फुल.
त्यांना कळलं नाही. सही केली.

आज शेवटची फेरी.
तापीच्या पुलावर गाडी हळू होते,
मी मागून पुढे माणसं मोजत येते.
मशीन त्रेचाळीस दाखवतं, डोकी चव्वेचाळीस.
पुन्हा मोजते. चव्वेचाळीसच.
खिडकीशी एका बाईच्या मांडीवर
टोपडं घातलेलं, झोपलेलं.

मांडीवरच्याला तिकीट नसतं.
मी बॅग कुशीला सरकवते
आणि घंटी देते.